न ऐकलेल्या अल्बमवरचे चाळीस वर्षांचे एकमत

१/
दहा हजार प्रती बाजारात पाठवल्या आणि अकरा हजार परत आल्या! लॉस एंजेलिसच्या ‘बॅड रिलिजन’ या बँडच्या दुसऱ्या अल्बमविषयी, म्हणजे १९८३ च्या ‘इन्टू द अननोन’विषयी, हा विनोद खुद्द बँडच्या गोटातूनच सांगितला जातो. विनोद म्हणून तो फर्मास आहे. पुरावा म्हणून मात्र तो कुचकामी आहे, आणि तरीही गेली चार दशके त्याला पुराव्याच्या आसनावर बसवण्यात आले आहे. आजचा धागा त्या आसनाविरुद्ध.

२/
या अल्बमविषयीचे रूढ मत सर्वांना तोंडपाठ आहे. बँडने वेग सोडला, कीबोर्ड आणला, श्रोत्यांनी अल्बम झिडकारला, बँडला आपली चूक कळली आणि पुढे १९८८ साली ‘सफर’ हा अल्बम काढून त्याने प्रायश्चित्त घेतले. (‘सफर’ म्हणजे इथे यातना सोसणे; प्रवासाशी त्याचा संबंध नाही.) कथा सुबक आहे. पाप, शिक्षा, पश्चात्ताप आणि उद्धार असे तिचे चारही अंक जागच्या जागी आहेत. इतकी सुबक कथा हाती आली की इतिहासाच्या विद्यार्थ्याने आधी संशय घ्यावा.

३/
माझे म्हणणे आरंभीच मांडतो. या अल्बमवरील ‘श्रोत्यांचे मत’ म्हणून जे सांगितले जाते, त्याचा फार मोठा भाग ज्यांना तो ऐकायला मिळालाच नव्हता अशा लोकांनी चालवलेला आहे. ते मत अल्बमविषयी फारसे काही सांगत नाही. ज्या समूहाने ते जपले त्याच्याविषयी पुष्कळ सांगते. हा भेद न करता श्रोत्यांची मते उद्धृत करणे म्हणजे बखर हाती घेऊन ती रोजनिशी आहे असे भासवणे.

४/
अपरिचितांसाठी थोडी पार्श्वभूमी. १९७६-७७ च्या पंक संगीताने स्वतःचा एक शत्रू जाहीर केला होता: सत्तरच्या दशकातील ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’. लांबलचक गाणी, सिंथेसायझरचे थर, वादनकौशल्याचे प्रदर्शन या साऱ्याविरुद्ध पंक उभे राहिले. १९८० च्या सुमारास अमेरिकेत त्यातून ‘हार्डकोर’ ही अधिक वेगवान आणि अधिक कडवी शाखा फुटली. दीड-दोन मिनिटांत आटोपणारे गाणे, धावता ड्रम आणि गाण्याऐवजी गर्जना हे तिचे रूप. लॉस एंजेलिसच्या परिसरातील ‘ब्लॅक फ्लॅग’ आणि ‘सर्कल जर्क्स’ ही त्यातील ठळक नावे.

५/
‘मेलोडिक हार्डकोर’ ही या शाखेची पुढची उपशाखा. वेग तोच, पण गर्जनेच्या जागी गुणगुणता येईल अशी चाल, आणि तिच्या पाठीशी दोन-तीन आवाजांचा सुरेल मेळ. ‘बॅड रिलिजन’ची गणना तिच्या संस्थापकांत होते. ही गोष्ट लक्षात असू द्या, कारण पुढचा सारा वाद ‘मेलोडिक’ आणि ‘हार्डकोर’ या दोन शब्दांच्या ताणातूनच उपजला आहे.

६/
हा बँड १९८० मध्ये लॉस एंजेलिसच्या सान फर्नांडो व्हॅली या उपनगरी भागातील शाळकरी मुलांनी उभा केला. गायक ग्रेग ग्राफिन, गिटारवादक ब्रेट गुरेविट्झ, बेसवादक जे बेंटली आणि ड्रमवादक जे झिस्क्राउट. आपली ध्वनिमुद्रणे काढता यावीत म्हणून गुरेविट्झने ‘एपिटाफ’ हे लेबल सुरू केले. १९८१ मध्ये पहिली छोटी ध्वनिमुद्रिका निघाली आणि जानेवारी १९८२ मध्ये ‘हाउ कुड हेल बी एनी वर्स?’ हा पहिला पूर्ण अल्बम. तो ध्वनिमुद्रित होत असताना ग्राफिन सोळा वर्षांच्या आगेमागे होता. हार्डकोरच्या श्रोत्यांनी हा अल्बम आपला मानला.

७/
नोव्हेंबर १९८३ अखेर ‘इन्टू द अननोन’ आला. आठच गाणी. कीबोर्ड आणि सिंथेसायझर मध्यभागी, मंद आणि मध्यम लय, मध्येच अकूस्टिक गिटार, आणि ‘टाइम अँड डिस्रिगार्ड’ हे एक गाणे तर सुमारे सात मिनिटांचे. पहिल्या आणि शेवटच्या गाण्यांची शीर्षके एकमेकांना जोडली की एक वाक्य पुरे होते: तुम्ही हार मानाल तेव्हाच सारे संपेल. ज्या बँडने हे वाक्य अल्बमच्या दोन टोकांना बांधले, तो बँड त्या अल्बमनंतर जवळजवळ संपलाच. दैवाला उपरोधाची चांगलीच जाण असावी.

८/
रूढ मताच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मीच आधी पटलावर ठेवतो. हा अल्बम ध्वनिमुद्रित होत असतानाच बेसवादक जे बेंटली बाहेर पडला. तेव्हाचा ड्रमवादक पीट फाइनस्टोन हाही अल्बमवर नाही. त्यांच्या जागी पॉल डिडोना आणि डेव्ही गोल्डमन आले. म्हणजे पहिली नापसंती बाहेरच्या श्रोत्यांची नव्हतीच. ती ध्वनिमुद्रणाच्या खोलीतून आली. हा समकालीन पुरावा आहे, प्रत्यक्ष ऐकणाऱ्याचा आहे, आणि तो माझ्या विरोधात जातो. त्याचा मी आदर करतो. किंबहुना या साऱ्या प्रकरणात आदर करावा असा पुरावा अत्यल्प आहे, हीच माझी तक्रार आहे.

९/
आता त्या दहा हजार प्रतींकडे वळू. अकरा हजार परत येणे अशक्य, हे सांगायला गणित नको. पण अतिशयोक्ती वजा केली आणि जवळजवळ सर्व प्रती खरोखरच परत आल्या असे धरले, तर त्यातून काय सिद्ध होते? परत आलेली तबकडी म्हणजे न विकली गेलेली तबकडी, आणि न विकलेली तबकडी कोणाच्या घरात वाजलेली नसते. त्या परतीच्या खोक्यांत दुकानदारांचा अंदाज आहे, ग्राहकांचा संकोच आहे, कानोकानी पसरलेली कुजबूज आहे. ऐकून दिलेला निवाडा मात्र त्यात कुठेच नाही.

१०/
तोटा झाला हे मान्य. बँड विस्कटला हेही मान्य. परंतु ‘खपला नाही’ या विधानावरून ‘ऐकला आणि नावडला’ या विधानावर उडी मारताना मधला पूल कोणी बांधलेला नाही. आपण राजकीय इतिहास वाचताना अशी उडी खपवून घेत नाही. एखादा ग्रंथ विकला गेला नाही म्हणून तो वाचकांनी वाचून नाकारला, असे कोणी लिहिले तर आपण त्याला पहिल्याच पानावर अडवू. संगीताचा इतिहास आला की आपली ही दक्षता कुठे जाते?

११/
मग लोकांनी तो विकतही का घेतला नाही? येथे खरा इतिहास सुरू होतो. १९८३ च्या हार्डकोर श्रोत्याच्या दृष्टीने कीबोर्ड हे केवळ वाद्य नव्हते, ते शत्रूचे निशाण होते. एकीकडे ते प्रोग्रेसिव्ह रॉकचे चिन्ह होते, दुसरीकडे रेडिओवर गाजत असलेल्या गुळगुळीत ‘न्यू वेव्ह’चे. ज्या मुलांनी वेगालाच आपली सरहद्द मानले होते, त्यांना ही सरहद्द आतून ओलांडली गेल्याचे दिसले. त्यांचा राग मी खोटा म्हणत नाही. पण तो राग सरहद्दीविषयी होता. गाण्यांच्या चालींविषयी, शब्दांविषयी, रचनेविषयी बोलायची वेळ त्यात आलीच नाही.

१२/
समूहाचे मत आणि व्यक्तीचा कान यांत किती अंतर असू शकते, याचे पंकच्या इतिहासातच एक प्रसिद्ध उदाहरण आहे. ‘सेक्स पिस्टल्स’चा जॉन लायडन ‘पिंक फ्लॉइड’च्या नावाच्या टी-शर्टवर ‘मला तिरस्कार आहे’ अशा अर्थाचे शब्द लिहून हिंडत असे. त्या सदऱ्याची आख्यायिका झाली. पुढे त्याच लायडनने आपल्याला ‘पिंक फ्लॉइड’ आवडत असल्याचे सांगून टाकले. सदरा हे मत नव्हते, तो गणवेश होता. गणवेशावरून सैन्य कोणते ते ओळखता येते. सैनिक रात्री घरी जाऊन काय ऐकतो, ते ओळखता येत नाही.

१३/
आता दुसऱ्या टोकाची चूकही टाळू. ‘हार्डकोरच्या श्रोत्यांना बदल सहनच होत नसे’ हे सरसकट विधानही टिकत नाही. १९८४ मध्ये मिनियापोलिसच्या ‘हुस्कर डू’ने ‘झेन आर्केड’ हा दोन तबकड्यांचा अल्बम काढला. त्यात पियानो आहे, अकूस्टिक गिटार आहे, शेवटी सुमारे चौदा मिनिटांचे एक वाद्यसंगीतही आहे. त्याचे स्वागतच झाले. म्हणजे बदल चालत होता. कोणता बदल, कोणत्या गावात, कोणत्या बँडकडून आणि कोणत्या क्षणी, हे प्रश्न विचारावे लागतात. ‘श्रोते’ हा एकवचनी प्राणी कधीच नव्हता.

१४/
त्याच वर्षीच्या ‘ब्लॅक फ्लॅग’च्या ‘माय वॉर’चे उदाहरण तर अधिक बोलके आहे. त्याच्या दुसऱ्या बाजूवर सहा-सहा मिनिटांहून लांब अशी तीनच संथ, जड गाणी आहेत. वेगासाठी आलेले श्रोते चिडले. पण पुढे त्याच संथ बाजूतून प्रेरणा घेणाऱ्या बँडची एक परंपरा उभी राहिली, आणि ‘निर्व्हाना’च्या कर्ट कोबेनने आपल्या आवडत्या अल्बमांच्या यादीत ‘माय वॉर’चे नाव लिहिले. निकाल फिरला. का फिरला? कारण तबकडी उपलब्ध राहिली. नव्या पिढीच्या कानांपर्यंत ती पोहोचत राहिली. फेरविचाराची पहिली अट ही की कागदपत्रे उपलब्ध असली पाहिजेत.

१५/
‘इन्टू द अननोन’च्या वाट्याला नेमके हेच आले नाही. घटनाक्रम पाहा. १९८५ मध्ये ग्राफिनने बँड पुन्हा जमवून पाच गाण्यांची छोटी ध्वनिमुद्रिका काढली. तिचे नाव ‘बॅक टू द नोन’, म्हणजे ‘पुन्हा परिचिताकडे’. आधीच्या अल्बमच्या नावाला दिलेले हे जाहीर प्रत्युत्तर. त्यात बँडच्या स्वतःच्या नावाचे जुने गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित करून घातले होते. घर सोडून गेलेल्या मुलाने परत येऊन दारावर आपलेच नाव पुन्हा रंगवावे, तसे.

१६/
१९९१ मध्ये बँडच्या सुरुवातीच्या कामाचे संकलन निघाले. त्याचे नाव ‘८०-८५’. या सहा वर्षांतला एकच पूर्ण अल्बम त्यात नाही: १९८३ चा. शीर्षकातल्या वर्षांच्या ऐन मध्यावर असलेली वस्तू संकलनातून गायब आहे, आणि शीर्षक मात्र सलगतेची ग्वाही देते. दप्तरातून एक रुमाल काढून घ्यावा आणि बाहेरच्या यादीवर ‘संपूर्ण’ असे लिहावे, तसा हा प्रकार. पुढे २०१० मध्ये बँडच्या तीस वर्षांनिमित्त सर्व अल्बमांचा तबकड्यांचा संच निघाला, तेव्हा ‘इन्टू द अननोन’ अधिकृतपणे पुन्हा बाहेर आला. मध्ये २७ वर्षे गेली होती.

१७/
या २७ वर्षांत काय घडले ते ध्यानात घ्या. ‘सफर’, ‘नो कंट्रोल’ आणि ‘अगेन्स्ट द ग्रेन’ हे अल्बम १९८८, १९८९, १९९० असे ओळीने आले. बँडचे श्रोते अनेक पटींनी वाढले. १९९४ मध्ये एपिटाफनेच काढलेल्या ‘द ऑफस्प्रिंग’च्या ‘स्मॅश’ने तर जगभर खपाचे विक्रम केले. म्हणजे बँडच्या श्रोत्यांतील प्रचंड बहुसंख्या १९८३ नंतरची आहे. यातील बहुतेकांना तो अल्बम दुर्मीळ तबकडीच्या, कॅसेटच्या किंवा पुढे चोरट्या प्रतीच्या रूपानेच मिळू शकत होता. तरीही तो ‘वाईट’ असल्याचे सर्वांना ठाऊक होते. कसे ठाऊक होते? सांगोवांगी.

१८/
हैतीचे इतिहासकार मिशेल-रोल्फ त्रुयो यांनी १९९५ च्या ‘सायलेन्सिंग द पास्ट’ या ग्रंथात दाखवून दिले आहे की इतिहासातील मौन चार टप्प्यांवर शिरते: साधने तयार होताना, ती संग्रहित होताना, त्यांतून कथन रचले जाताना आणि अखेर त्या कथनाला अर्थ दिला जाताना. एका अल्बमला गुलामगिरीच्या इतिहासाच्या पंक्तीला बसवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण चौकट कामाची आहे. तबकड्या परत गेल्या. संकलनातून नाव गळाले. विनोद रचला गेला. आणि शेवटी त्या विनोदातून ‘श्रोते नेहमी बरोबर असतात’ हा बोध काढण्यात आला. चारही टप्पे पुरे.

१९/
तेव्हा ‘श्रोत्यांची मते’ किमान तीन ढिगांत वेगळी करावी लागतात. पहिला ढीग: १९८३-८४ मध्ये प्रत्यक्ष ऐकणारे. हे संख्येने थोडे, आणि त्यांची मते आपल्यापर्यंत पोहोचतात ती बहुधा पुष्कळ वर्षांनंतरच्या आठवणींतून. दुसरा ढीग: १९८८ ते २०१० मधले, ज्यांना मत होते पण तबकडी नव्हती. तिसरा ढीग: २०१० नंतर ऐकणारे. यांना तबकडी मिळाली, पण ‘सफर’ची आणि त्या दहा हजार प्रतींच्या विनोदाची माहिती घेऊनच ते ऐकायला बसले.

२०/
या तीनही ढिगांचे मूल्य आहे. फक्त ते वेगवेगळ्या प्रश्नांसाठी आहे. पहिला ढीग अल्बमच्या तत्कालीन स्वागताविषयी सांगतो. दुसरा ढीग दंतकथा कशी वाढते याविषयी सांगतो. त्या कामी तो अमूल्य आहे. तिसरा ढीग पूर्वग्रह आणि कान यांची झटापट दाखवतो. चूक होते ती हे तिन्ही ढीग एकत्र करून त्यांची सरासरी काढण्यात. मराठी वाचकांना हे नवे नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हा बखरी आणि समकालीन पत्रे यांना एकाच तराजूत घालू नका, हेच तर बजावले होते. तो धडा पानिपतापुरता राखून ठेवण्याचे काहीच कारण नाही.

२१/
आता आक्षेप. पहिला: ‘खुद्द बँडच त्या अल्बमची टर उडवतो, मग तुम्ही कोण?’ निर्मात्याचे नंतरचे मत हे नंतरचे साधन असते. १९८३ मध्ये ग्राफिन १९ वर्षांचा आणि गुरेविट्झ २१ वर्षांचा होता. दोन साथीदार गमावून, पदरचे पैसे घालून त्यांनी हा अल्बम पुरा केला. तेव्हाची त्यांची कृती आणि पुढे यशाच्या उंचीवरून केलेला त्यांचा विनोद यांत विरोध आढळला, तर विनोदाला कृतीहून अधिक विश्वसनीय कोणत्या नियमाने ठरवायचे? हार पचवण्यासाठी माणसे हसतात. ते हसू म्हणजे कबुलीजबाब नव्हे.

२२/
दुसरा आक्षेप अधिक लबाड आहे: ‘तो अपयशी ठरला म्हणूनच तर सफर घडला.’ आधी घडले म्हणून कारण ठरले, हा तर्कदोष इथे नीट उघडा पाडला पाहिजे. १९८३ आणि १९८८ यांच्यामध्ये पाच वर्षे आहेत. त्या काळात बँड जवळजवळ बंद पडला. गुरेविट्झ व्यसनाच्या गर्तेत गेला आणि त्यातून बाहेर आला. त्याने ध्वनिमुद्रणाचे तंत्र आत्मसात केले आणि ‘वेस्टबीच’ हा स्वतःचा स्टुडिओ उभा केला. ‘सफर’ त्याच स्टुडिओत मुद्रित झाला. ‘सर्कल जर्क्स’चा गिटारवादक ग्रेग हेट्सन बँडमध्ये आला. बेंटली आणि फाइनस्टोन परतले. इतकी सारी कारणे समोर असताना ‘श्रोत्यांनी कान पिळला म्हणून सुधारले’ हे स्पष्टीकरण केवळ श्रोत्यांच्या अहंकाराला सुखावते.

२३/
उलट मी एक प्रतिदावा करतो. तो माझ्या कानाचा आहे आणि तो तसाच तपासावा. पहिला अल्बम, ‘इन्टू द अननोन’ आणि ‘सफर’ हे तिन्ही क्रमाने ऐका. पहिल्यात गर्जना पुढे आहे, चाल मागे. दुसऱ्यात ग्राफिन प्रथमच मोकळेपणाने, लांब स्वरांत गातो. तिसऱ्यात वेग परततो, पण गाणे टिकून राहते. शिवाय कीबोर्ड आकाशातून पडला नव्हता. पहिल्याच अल्बमवर ग्राफिनच्या नावापुढे गायनासोबत पियानोची नोंद आहे. ‘मेलोडिक हार्डकोर’मधील पहिल्या शब्दाची तालीम याच बदनाम अल्बममध्ये झाली असावी, असे मला वाटते.

२४/
तिसरा आक्षेप समोरून नव्हे, माझ्याच बाजूने येतो. ‘म्हणजे हा एक उपेक्षित श्रेष्ठ अल्बम आहे तर!’ नाही. काही रचना जागच्या जागी फिरतात, सिंथेसायझरचा वापर ठिकठिकाणी अननुभवी वाटतो, आणि सात मिनिटांचे गाणे सात मिनिटांना पुरत नाही. रूढ मत उलटे टांगले की सत्य मिळते, हा आजच्या तरुण इतिहासप्रेमींचा लाडका गैरसमज आहे. जुने लोक न ऐकता ‘टाकाऊ’ म्हणाले. आपण न ऐकता ‘अजरामर’ म्हणायचे. आळस तोच, फक्त कूस बदललेली.

२५/
कोणी म्हणेल, एका रॉक अल्बमसाठी एवढा खटाटोप कशाला? कारण या आळसाची किंमत कोणीतरी मोजते. ‘सफर’चे साचे घेऊन नव्वदच्या दशकात बँडमागून बँड उभे राहिले: तेवढाच वेग, तशाच दोन मिनिटांच्या चाली, तसाच आवाजांचा मेळ. ज्या शैलीने बंडाची भाषा केली, तिच्यात नव्या मुलांना सांगायला एक तयार गोष्ट होती: अनोळखी वाटेने गेलात तर तुमचे ‘इन्टू द अननोन’ होईल. दंतकथा निरुपद्रवी नसतात. त्या पुढच्यांच्या वाटा आधीच बंद करतात.

२६/
पुन्हा १९९४ मध्येही हेच श्रोतृमंडळ न्यायाधीश झाले. ‘स्ट्रेंजर दॅन फिक्शन’ हा अल्बम ‘अटलांटिक’ या बड्या कंपनीमार्फत निघाला, तेव्हा आरोप नादाचा नव्हता, लेबलचा होता. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील ‘मॅक्झिमम रॉकनरोल’ या वजनदार फॅन्झिनने तर बड्या कंपन्यांच्या बँडना आपल्या पानांत स्थान न देण्याचे धोरणच ठेवले होते. त्या धोरणामागे स्वतंत्र संगीताच्या रक्षणाचा प्रामाणिक विचार होता, हे नाकारत नाही. पण आवरणावरचे नाव वाचून दिलेला निकाल हा ऐकून दिलेला निकाल नसतो, हे १९८३ इतकेच १९९४ लाही लागू पडते.

२७/
म्हणून श्रोत्यांचे कोणतेही मत साधन म्हणून हाती घेताना पाच प्रश्न विचारावेत. याने प्रत्यक्ष ऐकले होते का? केव्हा आणि कोणत्या प्रतीवरून? ऐकण्यापूर्वी त्याला काय सांगितले गेले होते? हे मत त्याने तेव्हा नोंदवले की पुढे आठवून सांगितले? आणि ते मांडल्याने त्याच्या समूहात त्याची पत वाढणार होती की घटणार होती? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ज्या मताने पत घटण्याची भीती असतानाही कोणी ते मांडले, त्या मताजवळ थोडे अधिक थांबावे.

२८/
हेच प्रश्न नाटकांना, चित्रपटांना, कादंबऱ्यांना, बंडांना आणि राज्यकर्त्यांनाही लावता येतात. आपल्यापैकी किती जण न वाचलेल्या ग्रंथांविषयी ठाम आहेत, याची मोजदाद ज्याने त्याने एकांतात करावी. इतिहासाचा अभ्यास म्हणजे मतांचा वारसा पुढे नेणे नव्हे. तो वारसा कोणत्या हातांतून आला, हे विचारत राहणे आहे.

२९/
अल्बम जेमतेम ३६ मिनिटांचा आहे. या धाग्यावर वाद घालायचा असेल तर जरूर घाला. ‘भिकार आहे’ म्हणा, ‘बरा आहे’ म्हणा, माझा तेविसाव्या नोंदीतील दावा खोडून काढा. अट एकच: आधी ती ३६ मिनिटे द्या. ऐकून केलेली निंदा मी न ऐकता केलेल्या स्तुतीहून मोलाची मानीन. आणि दहा हजार प्रतींचा विनोद मात्र कृपया पुन्हा पाठवू नका. तो परत आलेल्या अकरा हजारांत आधीच जमा आहे.

धागा समाप्त.